तयार माती

गावात पेपर बऱ्याच जणांना वाचता येत होता, पण ऐकायचा तो न्हाव्याकडूनच. न्हावी नुसता वाचायचा नाही, बातमीला फोडणी द्यायचा. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ताटकळत बसलेलं, वस्तरा हवेत, पेपर आरशाला टेकवलेला आणि प्रत्येक बातमीमागे न्हाव्याचं फुकटचं मत. घाई असलेल्या माणसाने त्याच्याकडे जाऊच नये.

कुंभारीण त्या सकाळी तिथे गेली ती माठ पोचवायला. उन्हाळा तोंडावर आला होता आणि दुकानातला जुना माठ पाणी गार करायचं सोडून नुसता घाम गाळत होता. डोक्यावरची पाटी तिने पायरीवर उतरवली, कंबर सरळ केली आणि बाहेरूनच म्हणाली, "भाऊजी, माठ आणलाय. जुना काढून द्या."

"थांबा वहिनी, कोर्टाचं पान चाललंय. तुमच्या घरचाच विषय आहे, ऐका जरा."

त्या पानावर हायकोर्टाचे आठवड्यातले निकाल एकाखाली एक छापले होते. न्हाव्याने घसा साफ केला. "'कामावरून काढलेल्या बसवाहकाला पुन्हा कामावर घ्या.' घेतील की! पण इतक्या वर्षांत त्याचे गुडघे गेले असणार. सुटलेल्या बसमागे आता पळणार कोण, कोर्ट? पुढचं ऐका. 'सासरच्या घरात राहण्याचा सुनेला हक्क.' हक्क आहे हो, पण भांडी कोणी घासायची ते लिहिलेलं नाही. 'मृत मामाचा अंगठा खोटा, भाच्याचा दावा फेटाळला.' भाचाच तो, मामाच्या अंगठ्यावर नाही तर कुणाच्या अंगठ्यावर जगणार?"

बाकावरची माणसं हसली. कुंभारणीलाही हसू आलं, तिने ते पदराआड ढकललं. न्हावी पुढचं मनातल्या मनात वाचू लागला आणि एकदम गप्प झाला. न्हावी गप्प म्हणजे काहीतरी घडलंच.

"'तळ्यातून माती उपसण्यास हायकोर्टाची मनाई,'" त्याने सावकाश वाचलं. "'कुंभाराच्या याचिकेवर निकाल.'"

एवढंच होतं. दोन ओळी, खाली चष्म्याची जाहिरात. पण अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक गळ्यातल्या फडक्यासकट उठून उभं राहिलं आणि ओरडलं, "हायकोर्ट जिंकला!"

हायकोर्ट म्हणजे कुंभारणीचा नवरा. कंत्राटदाराच्या यंत्रांविरुद्ध त्याने कोर्टात अर्ज केला त्या दिवसापासून गावाने त्याचं हे नवं नाव ठेवलं होतं. काय हायकोर्ट, माठ पक्का आहे ना? काय हायकोर्ट, आज चिखलात का? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं चहा पिता पिता सगळ्यांनी त्याला ऐकवलं होतं. तो कुणाला उलट बोलायचा नाही. खाली मान घालून हसायचा आणि घरी आल्यावर मातीच्या गोळ्याला उगाच जास्त थापटायचा. हे फक्त तिला ठाऊक होतं.

ती पाटी तिथेच टाकून निघाली. न्हावी मागून ओरडला, "वहिनी, माठ!" पण वहिनी तोवर कोपऱ्यावरून वळली होती. या वयात आपण रस्त्याने पळतोय याची तिला लाज वाटली आणि तरी ती पळतच राहिली.

अंगणात सासरा माती तुडवत होता. म्हाताऱ्याची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पण पाय शाबूत होते. भिजवलेल्या मातीच्या गोल ढिगावर तो भिंतीतल्या खुंटीची दोरी धरून मधोमधून कडेला, कडेकडून मधे असा टाचेने फिरायचा. खडा लागला की वाकून काढायचा आणि कुंपणापलीकडे भिरकावायचा. मातीत खडा राहिला तर भांडं भट्टीत तडकतं, आणि म्हाताऱ्याच्या मातीने भांडं तडकलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माती मनासारखी झाली की तो दोरी सोडून हाक मारायचा, "झाली, घ्या!" मग मुलगा येऊन मोठे लोंदे कापून चाकाकडे न्यायचा. या घरातला दिवस त्या हाकेवर चालायचा.

"मामंजी, आपण जिंकलो!" तिने दारातूनच सांगितलं. "अहो, ऐकलंत का? पेपरात आलंय!"

नवरा चाकावर होता. मातीचा गळा त्याच्या बोटांत नुकता उभा राहत होता. त्याने वर पाहिलं आणि चाक थांबेपर्यंत तसाच पाहत राहिला. गळा एका बाजूला कलला आणि बसला.

"नीट वाचलं का त्यानं?" त्याने विचारलं.

"दोनदा वाचलं. तुमचं नाव नाही, पण कुंभार लिहिलंय."

त्याने मातीचे हात तोंडावर फिरवले. हात खाली आले तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल होता आणि मधून डोळे गळत होते. म्हातारा दोरी धरून उभा होता. "यंत्रं जाणार म्हणजे?" तो म्हणाला. "बरं झालं. तळ्याची झोप मोडली होती त्या आवाजानं." आणि परत तुडवायला लागला, कारण माती अर्ध्यात सोडून चालत नाही.

यंत्रं खरंच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खा गाव बांधावर जमला होता. पिवळं धूड ट्रकवर चढताना ट्रकच वाकला. गेली दोन वर्षं ते धूड तळ्याचं पोट फाडत होतं. भांड्याची काळी चिकट माती तळ्यात हातभर थरात असते, वर रेती, खाली पिवळी. यंत्राला काळी काय आणि पिवळी काय, सगळं एका घासात विटांच्या भट्टीला. आणखी एक वर्ष चाललं असतं तर कुंभाराला चाकावर ठेवायला मूठभर माती उरली नसती. भांडण होतं ते एवढ्याचसाठी.

कंत्राटदार गाडीला टेकून उभा होता. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. जाताना त्याने काच खाली केली. "जिंकलास हायकोर्ट. आता पोटभर खा माती." टेकडीपलीकडे त्याने कधीच दुसरी जमीन घेऊन ठेवली होती. गाव हसलं. कुंभारही हसला, आज जरा मान वर करून.

त्या संध्याकाळी तो जेवताना खूप बोलला. मोठा रांजण करायचा म्हणाला, माणूस आत उभा राहील एवढा. शहरात फरश्या बसवणाऱ्या मुलाला फोन करून म्हणाला, "ये परत. माती वाचली." मुलगा म्हणाला, "बघू." पण त्याच्या बघू म्हणण्यातही त्या दिवशी बापाला होकार ऐकू आला.

सकाळी नवराबायको हातगाडी घेऊन तळ्यावर गेले. फावडं, दोन पाट्या, पाण्याची बाटली. बांधावर एक जण खुर्ची टाकून बसला होता. नवीन खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. हा परवापर्यंत शेळ्या राखायचा. आता पाणीखात्याने त्याला तळं राखायला बसवलं होतं. ती दोघं उतारावर आली तशी त्याने शिट्टी वाजवली. कुंभाराला वाटलं, गंमत करतोय. त्याने हात केला आणि पुढे निघाला. शिट्टी पुन्हा वाजली.

"दादा, फावडं ठेवा," राखणदार जवळ येऊन म्हणाला. तो खरोखरच अवघडला होता. "माती काढायला बंदी आहे."

"अरे, ती यंत्राला!"

"सगळ्यांना. साहेब सांगून गेलेत. यंत्रानं नाही, फावड्यानं नाही, हातानं नाही."

"अरे बाबा, केस मी केली!"

"म्हणून तर," राखणदार खाली बघत म्हणाला. "साहेब म्हणाले, पहिलं नाव त्याचंच आहे, त्याच्यावर आधी लक्ष ठेव."

म्हशी धुणारी माणसं पाण्यातून बघत होती. कुंभाराने फावडं गाडीत ठेवलं. ते निसटून पाटीवर आपटलं आणि एवढा आवाज झाला की म्हशीसुद्धा वळल्या. कुंभारणीला वाटलं, आत्ता नवरा काहीतरी बोलेल, ओरडेल. त्याने नुसती गाडी वळवली. चढावर त्याची पाठ तिला एका दिवसात म्हातारी झाल्यासारखी दिसली आणि तिने मागून जोर लावला.

वकिलाचं ऑफिस तालुक्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर. वकील तरुण होता, मनाचा चांगला होता, आणि ही केस त्याने तळमळीने लढवली होती. निकाल त्याच्या टेबलावर पडला होता आणि तो पेन उघडत होता, मिटत होता.

"तांत्रिकदृष्ट्या आपण जिंकलोय, हे लक्षात घ्या," तो म्हणाला.

"साहेब, मातीचं काय?" कुंभाराने विचारलं.

वकिलाने पेन मिटलं. अर्जात त्याने सगळ्या उपशावर बंदी मागितली होती, कंत्राटदाराला पळवाट राहू नये म्हणून. तेव्हा कुंभाराला विचारलं होतं, आणि कुंभार म्हणाला होता, सगळा बंद करा, साहेब. आपण उपसा करतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याला कुणी चोर म्हणेल असं कशाला वाटेल?

"तरीसुद्धा कोर्टाने तुमच्यापुरती सवलत दिली असती," वकील म्हणाला. "पण पाहणीचा अहवाल आडवा आला. त्यात लिहिलंय, तळ्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा खड्डा अर्जदाराचाच आहे. आणि त्यात भट्टीचा कचरा टाकलेला आहे."

"कचरा?" कुंभारीण पहिल्यांदाच बोलली.

कोर्टाने पाठवलेले पाहणीचे साहेब थंडीत येऊन गेले होते. मऊ बोलणारा माणूस, चिखलात बूट भरले तरी कुरकुर नाही. यंत्रांनी पाडलेले खड्डे त्यांनी पाहिले, मग सहज विचारलं, "तुम्ही माती कुठून घेता?" इकडून तिकडून, असं सांगून भागलं असतं. पण कुंभाराच्या अंगात अभिमान शिरला. त्याने साहेबांना हाताला धरून कुंभारखड्ड्यावर नेलं. उतरायला कोरलेल्या पायऱ्या दाखवल्या, काळ्या थरावर बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी विचारलं, किती पिढ्यांपासून? "मोजल्या नाहीत साहेब," कुंभार म्हणाला होता. "सगळ्याच."

आणि मग त्याने खड्ड्याचा तळ दाखवला. तिथे खापरांचा थर होता, पुरुषभर खोल. भट्टीत फुटलेलं, तडकलेलं भांडं या घराने कधी उकिरड्यावर टाकलं नव्हतं. तळ्याने दिलेलं तळ्यालाच परत. खड्डाही भरतो आणि गुरांचा पाय फसत नाही. साहेबांनी मान डोलावली, फोटो काढले. कुंभारणीने नव्या माठातलं पाणी दिलं, ते त्यांना फार आवडलं, तर नवऱ्याने माठच त्यांच्या गाडीत ठेवला. साहेबांनी तो सीटवर बसवून त्याला पट्टा लावला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आणि वाईट याचं की साहेबांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

"पावसाच्या आत अर्जदाराने खापर काढून न्यायचं," वकील हळू आवाजात वाचत होता. "खड्डा तळ्याच्याच जातीच्या मातीने भरून द्यायचा. बाहेरची माती, राडारोडा चालणार नाही. नाही केलं तर कोर्टाचा अवमान. वर अपील करता येईल, पण..."

"नको," कुंभार म्हणाला. "न्याय मागायला मीच गेलो होतो ना? मग मिळाला तो घेतला पाहिजे."

वकिलाने खिडकीबाहेर पाहिलं. उठताना तो दोघांच्या पाया पडेल की काय अशी कुंभारणीला भीती वाटली, इतका त्याचा चेहरा पडला होता.

ठरवून दोघांनी म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही. तळ्यावर काम आहे, एवढंच सांगितलं.

खापर उपसायचं काम सोपं नसतं. खापर फावड्याला दाद देत नाही, सरकतं आणि नडगीवर येऊन बसतं. हातानेच उचलावं लागतं. पहिल्या दिवशी कुंभारणीची बोटं कापली, दुसऱ्या दिवशी तिने चिंध्या बांधल्या, त्या संध्याकाळपर्यंत फाटल्या. नवरा खाली उभा राहून पाटी भरायचा, ती पायऱ्यांवरून वर आणून गाडीत रिकामी करायची. ऊन खड्ड्यात साठून राहायचं. वारा वरून जायचा, खाली यायचा नाही. दुपारी तिच्या मांड्या थरथरायला लागायच्या आणि पायरी दोन दोन दिसायची.

बांधावरून जाणारे थांबायचे. "काय हायकोर्ट, खजिना सापडला का?" पहिले काही दिवस कुंभार कसंनुसं हसला. मग त्याने वर बघणंच सोडलं. गावाचाही काही दोष नव्हता. गाव त्याच्या बाजूचंच होतं, पण गावाला हसल्याशिवाय राहवत नाही. एकदा न्हावी येऊन गेला, काठावर उकिडवा बसला. त्याला काहीतरी मत द्यायचं होतं, हे दिसत होतं. बराच वेळ बसून तो नुसतं "ऊन फार आहे" म्हणाला आणि गेला.

तिच्या लग्नात बहिणींनी तिला चिडवलं होतं, कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच. तेव्हा ती सगळ्यांत मोठ्याने हसली होती. सासरी आल्यावर बघते तर या घराला उकिरडाच नव्हता, सगळं खापर तळ्यात जायचं. आपण म्हणीलाही फसवलं, असं तिला वाटायचं. आता ती पाटी डोक्यावर घेऊन घराकडे यायची आणि अंगणाच्या कडेला ओतायची. रोज ढीग वाढत होता. म्हण शेवटी खरी झाली.

वरचं खापर तांबडं होतं, तिच्याच हातचं. काही काठ तिने ओळखले. एक ज्या वर्षी मुलगा झाला त्या वर्षीच्या भट्टीतला, तिचं लक्ष नव्हतं आणि अर्धी भट्टी गेली होती. खाली जावं तसं खापर जाड होत गेलं, काठ वेगळ्या वळणाचे आले. हे हात तिने पाहिलेले नव्हते. तिला दर पाटीला वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत.

म्हातारा आंधळा होता, बहिरा नव्हता. एका संध्याकाळी ती पाटी ओतत असताना तो काठी टेकत ढिगापाशी आला. वाकून त्याने एक तुकडा उचलला.

"हे खापर कुठलं?"

"भट्टीतलं, मामंजी."

"भट्टी लावलीच कधी?" त्याने अंगठा तुकड्याच्या पोटावरून फिरवला, मग एका जागी थांबला. "ही तुझ्या सासूच्या थापीची खूण आहे. माठ थोपटायच्या त्या लाकडाच्या कडेचा टवका उडाला होता, बदल म्हटलं तरी बदलली नाही. प्रत्येक माठावर ही रेघ उठायची." तो तुकडा धरून उभा राहिला. "खापर तळ्यात जातं, पोरी. तळ्यातून येत नाही. काय झालंय?"

तिने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, म्हाताऱ्याला दिसत नाही हे ठाऊक असूनही. आपण जिंकलो हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. मधेच तिला हुंदका आला आणि ती थांबली, मग राहिलेलं सांगितलं.

तुकडा म्हाताऱ्याने सदऱ्याच्या खिशात घातला. "आणि खड्डा कशानं भरणार?" त्याने विचारलं.

तोच प्रश्न होता. खड्डा रिकामा झाला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. कंत्राटदाराने निरोप पाठवला होता, दोन ट्रक माती टाकून देतो, आपलं काही वैर नाही. पण पाणीखात्याच्या साहेबाने मान हलवली होती. तळ्याचीच माती हवी, आदेशात तसंच आहे. तळ्यातून काढायची नाही आणि तळ्याचीच भरायची. तळ्याची माती तळ्याबाहेर सगळ्या गावात एकाच ठिकाणी होती. त्यांच्या अंगणात, ओल्या गोणपाटांखाली. दोन हंगामांची. वाळवून, कुटून, चाळून, भिजवून मुरत ठेवलेली. मुरलेल्या मातीला एक वास येतो, त्या वासानेच कुंभाराचं पोट भरतं.

"ती नाही द्यायची," कुंभारीण नवऱ्याला म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. "उन्हाळाभर त्यावर काम चालेल. माठ होतील, कुंड्या होतील. पुढचं पुढे बघू. कोर्टाला काय कळतंय, वर थोडी माती पसरा, खाली घाला काहीही!"

"आणि राखणदाराला काय सांगू?"

"त्याला काय सांगायचंय? कालचा शेळ्या राखणारा तो!"

"अगं, मी कोर्टाला सांगितलं की तो कंत्राटदार लबाडी करतो," नवरा म्हणाला. "आता मी करू? सगळं गेलं तर जाऊ दे. पण लबाड कुंभार म्हणून गेलो तर मागे काय राहील?"

"मागे काय राहणार आहे तसंही?" ती ओरडली. "कोण आहे मागे?" मुलाने बघू म्हटलं होतं, त्यानंतर फोन केला नव्हता. बोलल्याबरोबर तिला वाटलं, जीभ का झडली नाही आपली. नवरा ओट्यावर बसला आणि हाताकडे बघत राहिला. नखांतली माती त्या दिवसांत पहिल्यांदाच निघून गेली होती. स्वच्छ हात त्याला शोभत नव्हते.

"द्या," म्हातारा आतून म्हणाला. दोघांनी वळून पाहिलं. तो दारात उभा होता. "द्या ती. पण ढेकळं नुसती लोटून देऊ नका. पोकळ राहील, पावसात खचेल, कुणाचं वासरू अडकून मरेल. आपल्या खड्ड्यात आजवर काही मेलं नाही. मी येतो तुडवायला."

मग ती माती गेली. गोणपाट काढलं तेव्हा वाफ आल्यासारखा वास आला आणि कुंभारीण घरात निघून गेली, थोड्या वेळाने तोंड धुऊन बाहेर आली. गाडीमागून गाडी. खालच्या अंगाला यंत्राने काठावर उपसून टाकलेली थोडी माती होती, ती आदेशात बसते म्हणून राखणदाराने दाखवली, तीही ओढून घेतली, पण खड्ड्याची तहान मोठी होती, घरच्या मातीचा शेवटचा गोळासुद्धा त्यात गेला. म्हातारा मधोमध उभा असायचा. इथे खुंटी नव्हती म्हणून कुंभारणीने आपली जुनी साडी पिळून तिची दोरी केली, काठावरच्या झाडाला बांधली. ती धरून तो फिरायचा, मधोमधून कडेला, कडेकडून मधे. टाचा खाली जायच्या, चप् आवाज यायचा. खडा लागला की तो वाकायचा, काढायचा आणि दूर भिरकावायचा.

"बाबा, राहू द्या खडे," कुंभार एकदा म्हणाला. "आता काय फरक पडतो?"

म्हाताऱ्याने ऐकलं नाही. एका हाताने दोरी धरून तो दुसऱ्याने चाचपत राहिला. कुंभाराने पाटी ठेवली आणि तोही वाकून खडे वेचू लागला.

पाणीखात्याचे साहेब आले तेव्हा ऊन उतरत होतं. त्यांनी काठावरून पाहिलं, काठी खुपसून पाहिली, राखणदाराला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. मग एक पाय खाली ठेवून बघितला. बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि निघताना मोठ्याने चपकन वाजला.

"केवढी चिकट आहे ही," साहेब म्हणाले. "आणि एक खडा नाही. कुठून आणली?"

"तळ्याचीच आहे साहेब," कुंभारीण म्हणाली. "आमच्या घरी होती. तयार माती आहे."

"तयार म्हणजे?"

"मळलेली," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली, गवताला बूट पुसला. काम चांगलं झालंय, तसा शेरा देतो, म्हणाले. इतक्या प्रामाणिकपणे कोर्टाचा आदेश पाळलेला आपण पाहिला नाही, असंही म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. कुंभाराने हात जोडले. गाडी धूळ उडवत गेली.

म्हातारा अजून फिरतच होता. साहेब आले, बोलले, गेले, त्याने पाय थांबवले नव्हते. कडेकडून मधे, मधोमधून कडेला. मग तो थांबला. पायाची बोटं मातीत रुतवून त्याने एकदा दाब दिला, जरा वाट पाहिली, पुन्हा दिला. चेहऱ्यावर समाधान आलं. साडीची दोरी त्याने हातातून सोडली आणि मान वर करून रोजच्या आवाजात हाक मारली.

"झाली, घ्या!"

कुंभार पुढे झाला. जन्मभराची सवय, हाक आली की पाय उचलायचाच. दोन्ही हात पुढे करून तो खड्ड्याच्या काठापर्यंत आला आणि तिथे थांबला. राखणदाराने शिट्टी वाजवली नाही. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे, घ्या ना," म्हातारा म्हणाला. "वाळेल."